अर्थ लागत नाही

ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मिणमिणतो,
इंडिकेटर टाकला की नंबरप्लेटचा दिवा
धाप लागल्यासारखा आत-बाहेर,
आणि हेडलाइट लावले तर मागे सगळंच गप्प.
दिगू आडिवरेकर म्हणाला, भूत शिरलाय गाडीत, मन्सूरभाय.
म्हटलं, भूत असतं तर आधी फ्यूज उडवलं असतं.

साखरीनाट्याच्या जेटीवर लिलाव उठलेला.
ट्रकात चाळीस क्रेट बांगडा, वर फोडलेला बर्फ,
फळ्यांच्या फटीतून खारं पाणी चेसीवर,
आणि अणुस्कुरा चढून पहाटेच्या आत कोल्हापूर.
म्हणजे माझ्याकडे वेळ बर्फाइतकाच.

फ्यूज काढून उजेडात धरले. शाबूत.
मागच्या महिन्यात हेच दुखणं घेऊन आला होता,
तेव्हा मी ब्रेकचा स्विच बदलला, साडेचारशे घेतले.
चार दिवस ट्रक बरा वागला.
चार दिवस कोणीही बरा वागतो.

टेस्ट लँपचा चिमटा लांब वायरीने बॅटरीच्या निगेटिव्हला,
सुई मागच्या दिव्याच्या लाल वायरीत:
लख्ख.
चोवीस व्होल्ट इथवर चालत आलेत, कोणी अडवलं नाही.
चिमटा काढून दिव्याच्या बुडाला लावला:
अंधार.
येणं सगळं येतंय, परत जायला वाट नाही.
वहिवाट बंद केली की माणसं कशी
शेजाऱ्याच्या परड्यातून जातात, गडग्यावरून उडी मारून,
तसा करंट या दिव्यातून त्या दिव्यात, चोरपावलांनी,
आणि आपण म्हणायचं, भूत.

अर्थ लागत नाही, मी म्हटलं.
दिगू म्हणाला, मला तरी कुठं लागतोय,
म्हणून तर तुझ्याकडं आलो.

मग पाठीवर, ट्रकाखाली. टॉर्च दातात.
डोळ्यात बर्फाचं पाणी, मिठासकट.
काळी वायर बोटांनी चाचपत मागून पुढे आलो.
वायरीचं दिसण्यावर काही नसतं.
कातडं धडधाकट, आत तांबं कुजलेलं,
खारं वारं एका टोकाने शिरतं
आणि मुंग्यांसारखं आतल्या आत चढत जातं.

स्टेपनीच्या मागे बोटांना गाठ लागली.
निळी टेप.
इथे तेव्हा काळीच मिळायची,
निळी मी लक्ष्मीपुरीतून आणली होती, डझनभर.
आणि पीळ उलटा, डावखुऱ्या माणसाचा.

सहा वर्षं झाली. धाकटीची हळद होती त्या संध्याकाळी,
मांडवात माणसं जमायला लागली होती.
कैय्या तापवायला वेळ कुठला.
पीळ दिला, टेप गुंडाळली,
म्हटलं, जाईल कोल्हापूरपर्यंत.
गेला की. सहा वर्षं जात राहिला.

टेप सोलली. हिरवी पूड गळ्यावर पडली, मोरचुदासारखी.
काय गावला? वरून दिगू.
सांधा.
कोनी केलान रे असला?
ट्रकाखाली माणूस उताणा असला
की त्याचं तोंड कोणाला दिसत नाही.
होता कोणीतरी, मी म्हटलं. घाईत होता.

सडकं तेवढं कापलं. नवी वायर, लग, यावेळी कैय्या,
चेसीचा रंग खरवडला, लोखंड पांढरं होईस्तोवर,
बोल्ट आवळला, वर ग्रीस थापलं.
दाब ब्रेक.
जेटीच्या भिंतीवर दोन लाल चौकोन, एकसारखे,
खाली जाळी विणत बसलेल्या पोराच्या पाठीवर एक.
लागला, लागला अर्थ! दिगू केबिनमधून ओरडला.

पैसे घेतले नाहीत.
स्विचचे साडेचारशे परत द्यायला हात खिशात गेला
आणि तिथेच राहिला.
दिगूला वाटलं, केवढं मन या माणसाचं.
त्याने पिशवीत आठ बांगडे टाकले, मोजून नाही, मुठीने,
घरी नेल्यावर आठ भरले.

अंगठ्याचं हिरवं साबणाने गेलं नाही.
बायको म्हणाली, आज कालवण गोड लागतंय.
मी मान खाली घालून
काटे काढत बसलो.